रात्री बारा-पन्नासचा भाव

हिवाळ्यात इंदूरच्या सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडूच्या कंदाचे तुकडे दुसऱ्यांदा कढईत पडत असतात, साधारण त्याच वेळी, रात्री 12 वाजून 50 मिनिटांनी, शिकागोच्या वायदेबाजारातले सोयाबीनचे दिवसाचे सौदे बंद होतात. उन्हाळ्यात अमेरिका घड्याळं तासभर पुढे सरकवते, मग आपल्याकडे हीच वेळ 11 वाजून 50 मिनिटांवर येते. सकाळी छावणीच्या मंडीत पहिली ट्रॉली उभी राहण्याआधी तो आकडा मोबाइलवरून इंदूर, देवास, उज्जैनपर्यंत पोचलेला असतो.

हा आकडा वाचायची रीत आहे. शिकागोत सोयाबीनचा भाव बुशेलमागे सेंटमध्ये सांगतात. सोयाबीनचा बुशेल 60 पौंडांचा, म्हणजे 27.2 किलोचा, टनात 36.74 बुशेल बसतात. समजा, भाव 1,000 सेंट आहे. म्हणजे बुशेलला 10 डॉलर, टनाला 367 डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तर टनाचे 31,200 आणि क्विंटलचे 3,120 रुपये. तेलाचं माप निराळं, पौंडामागे सेंट. पेंडेचं आणखी निराळं, 907 किलोच्या शॉर्ट टनामागे डॉलर. आणि मलेशियाचं पामतेल रिंगिटमध्ये. नवखा माणूस इथेच चुकतो: शॉर्ट टनाला आपला टन समजतो आणि पेंडेच्या हिशेबात दहा टक्के घालवून बसतो.

आता दुसरा आकडा. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्रानं सोयाबीनचा हमीभाव ठरवला 5,328 रुपये. वरच्या हिशेबातले 3,120 आणि हे 5,328, यांत क्विंटलमागे 2,200 रुपयांची दरी आहे. ती कुणी बुजवायची? तेल खाणाऱ्यानं, सरकारनं, पेंड घेणाऱ्या कोंबडीवाल्यानं, की शेतकऱ्यानंच? जागतिकीकरण चांगलं की वाईट यावर माणूस जे मत देतो, ते बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि ते त्यानं तराजूच्या कुठल्या बाजूला उभं राहून दिलं यावर ठरतं. श्रीमंत देशांत एक मत, गरीब देशांत दुसरं, अशी सरळ वाटणी वर्तमानपत्रात बरी दिसते. मंडीत ती टिकत नाही.

माळव्यानं तराजूच्या सगळ्या बाजू पाहिल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात इथली अफू चीनला जायची. बंगालच्या अफूवर कंपनी सरकारची मक्तेदारी होती, पण माळव्याची अफू संस्थानी मुलखातली. तिच्यावर हात पोचत नव्हता. व्यापारी ती राजपुतान्यातून सिंधला, कराचीहून पोर्तुगीजांच्या दमणला आणि तिथून पुढे चीनकडे धाडत. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि ती वाट बंद झाली. माल मुंबईमार्गेच न्यायचा, तर पेटीमागे परवान्याचे पैसे भरायचे. हा दर आधी 125 रुपये होता. 1840 चं दशक संपायच्या आत तो 400 वर गेला. याच ब्रिटननं चार वर्षांपूर्वी, 1839 मध्ये, खुल्या व्यापाराचं नाव पुढे करून चीनशी युद्ध सुरू केलं होतं. कँटनमध्ये दार उघडा म्हणायचं आणि माळव्यात दाराशी नाकं बसवायचं, या दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या एकाच दशकातल्या. ढोंग म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही ही. जो आज जिंकणार असतो त्याला दार उघडं हवं असतं; श्रीमंतीशी याचा संबंध आहे, पण तो बदलता आहे. ब्रिटननंच पुढे 1932 मध्ये, मंदीत, आपली दारं आयातकराची कडी लावून घेतली.

अफूतून आलेलं भांडवल नंतर कापडगिरण्यांत उतरलं. माळवा मिल, हुकुमचंद मिल, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार. त्यांच्या अंतावर इंदुरात अजून वाद होतो आणि वादात 1991 चं नवं आर्थिक धोरण हमखास आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असतं. तारखा मात्र साक्ष देत नाहीत. यातल्या काही गिरण्या आजारी म्हणून 1974 मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या होत्या. यंत्रं जुनी, सूतकताई ते छपाई एकाच छताखाली ठेवण्याचा खर्च मोठा, आणि समोर भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग, ज्यांना ना पाळीचे नियम ना तेवढा कर. आयातीचं कापड इंदुरात उतरण्याआधीच गिरण्यांचा श्वास लागला होता. हुकुमचंद मिल 1991-92 मध्ये बंद पडली. परदेशी कापडाला तोवर दार धड उघडलेलंही नव्हतं.

उलट बाजू अशी की, ज्या काळात भारतीय कापड आणि कपडे स्वस्तात बनू शकत होते, त्याच काळात श्रीमंत देशांनी त्यांच्यावर कोटा लावला होता. बहुतंतू करार आणि त्याच्या जागी आलेला कापड करार, मिळून 1974 ते 2004 ची अखेर. कुठल्या देशातून किती डझन शर्ट, किती किलो सूत, याची वार्षिक मर्यादा. बाकी मालासाठी खुला व्यापार आणि कपड्यांसाठी तीस वर्षांचा अपवाद, कारण कपडे शिवणारे कामगार त्यांच्याकडेही मतदार होते. श्रीमंत देश 2016 साली अचानक संरक्षणवादी झाले असं जे म्हटलं जातं, त्यात ही तीस वर्षं सोयीनं विसरलेली असतात.

हुकुमचंदच्या कामगारांची थकीत देणी शेवटी 2023 च्या डिसेंबरात सुटली, सुमारे 224 कोटी रुपये, मिल बंद पडल्यावर तीन दशकांनी. अनेकांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या वारसांनी घेतली. आकड्यापेक्षा त्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: नुकसानीला पत्ता असतो. गेट असतं, युनियन असते, हजेरीपट असतो, खटल्याचा क्रमांक असतो. फायद्याला यातलं काही नसतं. स्वस्त झालेल्या शर्टाबद्दल, किलोमागे दहा रुपयांनी उतरलेल्या तेलाबद्दल आजवर कुठे मोर्चा निघाल्याचं कुणी पाहिलं नाही.

हे सोयाबीनवर नीट मोजता येतं.

आधी पिकाविषयी. काळं सोयाबीन मध्य भारतात थोडंफार होतं, पण आज दिसतं ते पिवळं सोयाबीन 1960 च्या दशकात आलं, जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं आणलेलं. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळाभर शेत रिकामं ठेवून ओल साठवायची आणि रब्बीला गहू-हरभरा घ्यायचा, ही जुनी रीत. त्या रिकाम्या चार महिन्यांत सोयाबीन बसलं. कुणाची जागा न घेता आलं म्हणून इतक्या झपाट्यानं पसरलं. 1987 मध्ये इंदुरात सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालं, 1994 मध्ये जेएस-335 हे वाण आलं. थोडक्यात, ज्या पिकाला परदेशी मालापासून वाचवा म्हणून आज निवेदनं जातात, ते पीकच बाहेरून आलेलं. पोह्यातल्या बटाट्यासारखं. (पोह्यांवरच्या शेवेचं तर विचारूच नका, तळणीचं तेल इंडोनेशियाचं, आणि बेसनात कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा मिसळलेला नसेलच असं छातीठोक कोण सांगणार?)

सोयाबीन तेलबिया म्हणवतं, पण दाण्यात तेल फक्त 18 ते 20 टक्के. सॉल्व्हंट प्लांटमध्ये दाणा साफ करून फोडतात, साल काढतात, गरम करून पातळ पापडी लाटतात आणि हेक्झेन या द्रावकानं तेल ओढून घेतात. क्विंटलभर दाण्यातून हाती येतं ते साधारण 18 किलो तेल आणि 80-82 किलो पेंड. मंडीत तिला पेंड कुणी म्हणत नाही, डीओसी म्हणतात. प्लांटवाल्याचा हिशेब पाहा. तेल 120 रुपये किलो धरलं तर 18 किलोचे 2,160. डीओसी 32 रुपये धरली तर 80 किलोचे 2,560. एकूण 4,720. त्यातून वीज, हेक्झेन, मजुरी, भाडं आणि थोडा नफा काढला की उरतं तेवढंच तो दाण्याला देऊ शकतो. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंड जास्त ठरवते.

हे न कळल्यामुळे 2024 मध्ये पुष्कळांचा हिशेब फसला. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं, ओरड झाली, आणि 14 सप्टेंबरपासून केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण आयातकर 5.5 टक्क्यांवरून थेट 27.5 टक्क्यांवर नेला. आता भाव वर जाणार अशी खात्री होती. तेल महागलं. सोयाबीन मात्र हमीभावाशी पोचलं नाही. कारण तेलाचा भाव किलोला 20 रुपयांनी चढला तर प्लांटवाल्याच्या हातात क्विंटलमागे 360 रुपये जास्त येतात. पण डीओसी 5 रुपयांनी उतरली तर 400 रुपये जातात. आणि डीओसी उतरत होती. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनांचा चोथा उरतो, डीडीजीएस, तो स्वस्तात कोंबडीखाद्यात शिरला होता. बाहेर ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे निर्यातही जड. आयातकराची भिंत तेलाला आडवी आली. पेंडेचा भाव घरातच पडला, तिथे भिंत काय करणार?

मग 2025 च्या मेअखेरीस कच्च्या तेलावरचा कर पुन्हा 16.5 टक्क्यांवर आणला. या 11 टक्क्यांचा हिशेब घरात मांडून बघू. बंदरावर उतरलेलं तेल 95 रुपये किलो धरलं तर कराचा फरक साधारण 10 रुपये. पाच माणसांच्या घरात महिन्याला आठ किलो तेल लागत असेल, तर बचत 80 रुपये, वर्षाला 960. दुसरीकडे दोन हेक्टर सोयाबीनवाला शेतकरी, हेक्टरी 12 क्विंटलनं 24 क्विंटल पिकवणारा. त्याच्या प्रत्येक क्विंटलातलं 18 किलो तेल 10 रुपयांनी उतरलं, 180 रुपये गेले, वर्षाला 4,320. तो स्वतःही घरात तेच तेल खातो, म्हणून 960 वजा करा. उरलं नुकसान 3,360 रुपये. शहरातल्या कुटुंबाला आपले 960 वाचले हे कळतही नाही. सांवेर-देपालपूरकडच्या शेतकऱ्याला आपले 3,360 गेले हे तोंडपाठ असतं. संख्येनं तेल खाणारे कितीतरी जास्त, तरी आवाज दुसऱ्या बाजूचा. आणि तरीही सरकार कर उतरवतं, कारण महागाईच्या आकड्यात तेल मोजलं जातं, आणि शेतकऱ्याला भावांतरसारखी योजना देऊन फरक नंतर भरता येतो. भावांतर मध्य प्रदेशानं 2017 मध्ये काढली, 2025 मध्ये सोयाबीनसाठी पुन्हा आणली.

कर अजून वाढवावा म्हणाल तर एक जुनी गाठ आहे. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देशानं प्रत्येक मालावर कराची कमाल मर्यादा लिहून दिलेली असते. भारतानं पामतेलावर ती 300 टक्के लिहिली, सोयातेलावर मात्र 45. सोयातेलाचं हे वचन गॅटच्या, म्हणजे या संघटनेआधीच्या व्यापार कराराच्या, जुन्या वाटाघाटींतून चालत आलेलं. त्यामुळे पामवर कितीही कर चढवा, सोयातेल 45 च्या वर नेता येत नाही. फरक वाढला की इंडोनेशियाऐवजी अर्जेंटिनाचं जहाज कांडल्याला लागतं. 2018 मध्ये शुद्ध सोयातेलावरचा कर 45 वर टेकवून झाला. त्याच्या पुढे भिंत बांधायला जागाच नाही.

संघटनेचे हे नियम ठरत होते त्या वेळी इथे विरोध कमी नव्हता. 1991 च्या डिसेंबरात गॅटचे प्रमुख आर्थर डंकेल यांचा नव्या नियमांचा मसुदा, डंकेल मसुदा, आला आणि पुढची तीन वर्षं डावे, उजवे, शेतकरी संघटना यांच्या सभांत तो शब्द शिवीसारखा वापरला गेला. काही भीती फुकट गेल्या. तेलाबद्दलची खरी निघाली, पण ती मांडणारे थोडे होते. 1986 च्या तेलबिया मोहिमेनंतर देश नव्वदीच्या सुरुवातीला खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. 1994 मध्ये पामोलिनची आयात 65 टक्के कर लावून खुली केली, पुढच्या चार वर्षांत कर 15 टक्क्यांपर्यंत उतरला. आज आपल्या तेलातला निम्म्याहून जास्त वाटा बाहेरचा आहे. हे कुणी लादलं नव्हतं. 300 टक्क्यांची मुभा असताना 15 वर आलो, ते आपलं आपण. याचा दोष जिनिव्हातल्या व्यापार संघटनेला देणं सोपं, म्हणून अजून दिला जातो.

श्रीमंत देशांत मत कसं फिरलं, त्याचा हिशेब आता पुष्कळ लिहिला गेला आहे. 1941 मध्ये स्टॉल्पर आणि सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी कागदावर दाखवलं होतं की, व्यापार वाढला की श्रीमंत देशातल्या अकुशल कामगाराची मजुरी पडेल. तेव्हा ते सूत्र परीक्षेपुरतं राहिलं. 2001 च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. 2000 मध्ये अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या सुमारे 1 कोटी 73 लाख होत्या; 2010 मध्ये 1 कोटी 15 लाख. यातला काही भाग यंत्रांनी खाल्ला, काही मंदीनं. पण ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी जिल्ह्यांच्या पातळीवर मोजून दाखवलं की, चिनी मालाशी जिथे टक्कर होती तिथे नोकऱ्या गेल्या आणि माणसं दुसरीकडे न जाता तिथेच कुजत राहिली. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांत व्यापार देशासाठी चांगला म्हणणारे अमेरिकन 2002 मध्ये 78 टक्के, 2007 मध्ये 59. 2014 मध्ये व्यापारानं नोकऱ्या वाढतात म्हणणारे तिथे 20 टक्के, तर विकसनशील देशांत निम्म्याहून जास्त. 2017 च्या जानेवारीत दावोसला चीनचे अध्यक्ष खुल्या व्यापाराची बाजू मांडत होते आणि त्याच महिन्यात अमेरिका पॅसिफिक व्यापार करारातून बाहेर पडली. 2019 च्या डिसेंबरपासून जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ बंद आहे. न्यायाधीश नेमायला अमेरिकेनंच अडवलं. ज्यांनी नियम लिहिले त्यांनीच पंच घरी पाठवला. 2025 च्या ऑगस्टात भारतीय मालावर 50 टक्के कर लागला, तेव्हा डंकेलच्या नावानं खडे फोडलेल्या देशात नियमाधारित व्यापाराची आठवण निघू लागली.

गरीब देश मात्र या उलटापालटीत व्यापाराच्या प्रेमात पडलेत असं समजू नये. 2019 च्या नोव्हेंबरात भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर आला; 2014 मध्ये 13 टक्क्यांच्या आसपास असलेला आपला सरासरी आयातकर नंतर चढलाच. 2022 मध्ये इंडोनेशियानं आपल्या लोकांना तेल स्वस्त मिळावं म्हणून जवळजवळ महिनाभर पामतेलाची निर्यात रोखली, आणि त्याच मे महिन्यात आपण गव्हाची. दुसऱ्याचं दार उघडं हवं, आपलं मात्र आपल्या मर्जीचं.

2018 ची गोष्ट इंदुरात विसरलेली नाही. चीननं अमेरिकन सोयाबीनवर 25 टक्के जादा कर लावला, खरेदी ब्राझीलकडे वळली, शिकागो पडलं. अमेरिकी सरकारनं शेतकऱ्यांना त्या वर्षी 12 अब्ज आणि पुढच्या वर्षी 16 अब्ज डॉलरची भरपाई जाहीर केली. व्यापारयुद्ध वॉशिंग्टन आणि बीजिंगमध्ये. भाव पडला तो सगळीकडे. भरपाई एकाच ठिकाणी. खुलेपणाचा धक्का पचवायला जो पैसा लागतो, तो कुणाच्या तिजोरीत आहे यावर श्रीमंत आणि गरीब देशांतला खरा फरक ठरतो.

आणि 2021. ऑगस्टच्या सुरुवातीला इंदुरात सोयाबीन 10,000 रुपयांच्या आसपास पोचलं. ज्यांच्याकडे माल शिल्लक होता असे शेतकरी थोडे. बहुतेकांनी तो कधीच विकला होता. कोंबडीखाद्यवाल्यांचा जीव मेटाकुटीला आला. सरकारनं 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला मंजुरी दिली, तीही जनुक-बदललेल्या सोयाबीनची, देशात पहिल्यांदाच. नवं पीक सप्टेंबरात यायचं होतं, भाव तुटला. भारतीय पेंडेला युरोपात किंमत मिळते ती बियाणं जनुक-बदललेलं नाही म्हणून, हे तेव्हा बाजूला राहिलं. त्या वर्षी 20 डिसेंबरला सोयाबीनचे वायदेही थांबवले आणि बंदी पुढे वाढतच गेली. परिणाम मजेशीर आहे: स्वतःचा वायदा नसल्यामुळे मंडी शिकागो आणि मलेशियाकडे पूर्वीपेक्षा जास्त डोळे लावून बसू लागली. दार बंद केलं आणि खिडकी मोठी झाली.

एकाच शहरात मतं कशी विभागतात ते यातून दिसतं. पिथमपूरच्या औषध कारखानदाराला अमेरिकेचं दार उघडं हवं, सुपर कॉरिडॉरवरच्या सॉफ्टवेअरवाल्यालाही. प्लांटवाल्याला बाहेरचं तेल नको, पण आपली पेंड व्हिएतनामला जावी. कोंबडीवाल्याला तीच पेंड देशातून जाऊ नये असं वाटतं. यातला कुणीही स्वतःला जागतिकीकरणाचा विरोधक किंवा समर्थक म्हणवत नाही.

ऑक्टोबरात मंडीत ट्रॉल्यांची रांग लागते. हमाल पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे काढतो, ओलावा मोजायचं यंत्र 16 दाखवतं. प्लांटची अट 10 ची. हिशेबानं 16 टक्के ओलाव्याच्या 100 किलोत 84 किलो कोरडा माल, तो 10 टक्क्यांवर आणला तर 93.3 किलो भरतो. म्हणजे कपात 6.7 किलोची. यंत्र कधी तपासलं, दाणे पोत्याच्या तळाचे की वरचे, दागी किती धरले, यावर आवाज चढतात. शिकागोवर कुणी भांडत नाही. भांडण ओलाव्याच्या त्या अर्ध्या टक्क्यावर असतं, कारण तेवढंच इथे उभं राहून बदलता येतं, आणि मागची ट्रॉली हॉर्न वाजवत असते.